बांधावरचं गिन्नी गवत: ओळखायचं कसं, आणि कुठं असू द्यायचं

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस गंगाखेडकडून माझ्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, ओढ्याच्या काठाला डोक्याएवढं गवत माजलंय. सगळे गिन्नी म्हणायलेत. कालवडीला टाकू का?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. फोटोत नुसती हिरवी पानं होती. मी त्याला सांगितलं, उद्या सकाळपर्यंत थांब, आज कडबाच टाक.

थांब म्हणायला कारण होतं. ते गिन्नी असेल तर कालवडीला त्याच्याइतका चांगला हिरवा चारा दुसरा मिळणार नाही. बरू असेल, म्हणजे रानटी ज्वारी, तर त्याच्या कोवळ्या फुटव्यांनी जनावराला किराळ, म्हणजे विषबाधा, लागू शकते. किराळीत जनावर बघता बघता जातं. लांबून दोन्ही गवतं सारखीच दिसतात: उंच, झुपकेदार, वर मोकळा तुरा.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने कुरणं सुधारण्याची, गायरानावर चारा लावण्याची चर्चा पुन्हा निघते आणि त्या चर्चेत 'गिन्नी लावा' हे हमखास ऐकू येतं. लावायचं की नाही हे ठरवण्याआधी गिन्नी म्हणजे कोणतं गवत, हे नीट ओळखता आलं पाहिजे. आपल्याकडे काही गावांत हत्ती गवतालाही गिन्नीच म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो.

आधी, गवत म्हणजे काय

नावात गवत असलं म्हणजे ते गवत असतंच असं नाही. गाजर गवत हे गवत नव्हे, ते सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे. लव्हाळाही खरं गवत नाही. त्याची दांडी दोन बोटांत धरून फिरवा, तीन धारा बोटांना जाणवतात. गवताची दांडी गोल असते, तिला उसासारखी पेरं असतात आणि पानाचा खालचा भाग दांडीला म्यानासारखा गुंडाळलेला असतो. या व्याख्येने ज्वारी, बाजरी, गहू, ऊस, अगदी बांबूसुद्धा गवतच.

यातली काही गवतं एका हंगामात उगवतात, दाणा भरतात आणि मरतात. काही वर्षानुवर्षं त्याच बुडख्यातून फुटत राहतात. त्यांना बहुवर्षायू म्हणतात. उसाचा खोडवा ज्याने राखलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. वरचं कापलं तरी जमिनीतलं खोड जिवंत असतं आणि पाणी मिळालं की पुन्हा फुटवे काढतं. गिन्नी तसंच आहे. एकदा ठोंब, म्हणजे मुळासकट लावलेला फुटवा, लागला की कापणीमागून कापणी देत काही वर्षं चालतं.

गिन्नी मुळात कुठलं

आफ्रिकेतलं. पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून त्याला 'गिनी ग्रास' म्हणू लागले आणि आपल्या बोलीत त्याचं गिन्नी झालं. आफ्रिकेतून ते कॅरिबियन बेटांवर गेलं, १७८१ मध्ये त्याला पॅनिकम मॅक्सिमम हे शास्त्रीय नाव मिळालं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ते भारतातही आणलं गेलं. २००३ पासून शास्त्रज्ञ त्याला मेगाथिर्सस मॅक्सिमस म्हणतात. चारा पिकांच्या पुस्तकांत आणि बियाण्याच्या पिशवीवर अजून जुनंच नाव सापडतं. नावं दोन, गवत एकच.

म्हणजे गिन्नी परकं आहे. पण परकं म्हणजे वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मिरची, भुईमूग, पेरू सगळं बाहेरूनच आलं. बालाघाटाच्या डोंगरात दगडागोट्यांतून आपोआप उगवणारं सीताफळसुद्धा मूळचं अमेरिका खंडातलं आणि आज ते बीड जिल्ह्याची ओळख आहे. बाहेरून आलेल्या वनस्पतीबद्दल विचारायचं ते एवढंच: ती लावली तिथेच राहते, की आसपासचं मुळातलं काही हुसकावून जागा धरते? असं हुसकावणाऱ्या वनस्पतीला आक्रमक म्हणतात. गिन्नी आक्रमक आहे का, याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

हातात धरून ओळख

पान बघून गवत ओळखणं म्हणजे आवाज न ऐकता नुसत्या पाठमोऱ्या आकृतीवरून माणूस ओळखणं. कधी जमतं, पुष्कळदा फसतं. म्हणून खालून वर जायचं आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थांबायचं.

बुडापाशी बसा. गिन्नीचा बुडखा दाट झुपक्याचा असतो, एकाच जागी पन्नास-साठ फुटवे दाटलेले. जमिनीखाली आखूड खोड असतं, पण हराळीसारखं ते लांबवर धावत नाही. माती उकरली आणि पांढरट, जाड, गाठीगाठीची कांडी दूरवर गेलेली दिसली, तर तिथेच शंका घ्या. ती चाल बरूची आहे.

मग दांडीच्या पेरावर बोट फिरवा. गिन्नीच्या पेरांवर बहुधा मऊ लव असते. पान लांब, मधली शीर फिकट, कडा हाताला खरखरीत. उंची जमिनीप्रमाणे कमरेइतकी किंवा पुरुषभर, चांगल्या ओलीत त्याहूनही जास्त.

तुरा आला की काम सोपं होतं. गिन्नीचा तुरा मोकळा, पसरट, वाऱ्यावर हलणारा असतो. तुऱ्याच्या सगळ्यात खालच्या गाठीवर बघा. तिथून पुष्कळशा बारीक फांद्या एकाच ठिकाणाहून गोल निघालेल्या दिसतात, छत्रीच्या काड्या निघतात तशा. वरच्या फांद्या मात्र एकेक, दोनदोन अशा सुट्या निघतात. फांद्यांवर हिरवट, कधी जांभळट झाक असलेले इवलेसे दाणे लटकतात, साधारण ३ मिलिमीटरचे. त्यांना कुसळ नसतं.

आता खरी पक्की खूण. पिकलेला एक दाणा तळहातावर घ्या आणि नखाने वरची पातळ टरफलं काढा. आतलं कडक आवरण दिसेल. ते भिंगाखाली धरलं की त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात, पाळी घातलेल्या रानात तासं उमटावीत तशा. आपल्या उपवासाच्या भगरीतली वरई गिन्नीची लांबची नातेवाईक आहे आणि तिचा तुरा बराचसा सारखा असतो, पण वरईचा दाणा गुळगुळीत आणि चकचकीत निघतो. या सुरकुत्या एवढ्या महत्त्वाच्या ठरल्या की गिन्नीला वरईच्या गटातून काढून वेगळ्या गटात ठेवताना शास्त्रज्ञांनी त्यांचाच आधार घेतला. भिंग दुकानात शंभर-दीडशे रुपयांना मिळतं. माझ्या पिशवीत ते कायम असतं आणि मुलांच्या हातात दिलं की अर्धा तास परत मिळत नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते ती गवतं

सगळ्यात धोक्याची गल्लत बरूची, म्हणून ती आधी. बरू ज्वारीचा रानटी भाऊ. त्याचाही तुरा मोकळा आणि खालच्या गाठीवरच्या फांद्या कधी कधी गोलात, म्हणून नुसत्या छत्रीच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. दाणे बघा. बरूचे दाणे तांबूस, केसाळ, मोठे असतात आणि जोडीने लागतात. एक बसका, फुगीर, त्याच्या शेजारी दुसरा देठावरचा किडकिडीत. कितीतरी दाण्यांना वाकडं कुसळ असतं. पानाची मधली शीर ज्वारीसारखी ठळक पांढरी. आणि जमिनीखाली ती धावणारी कांडी.

किराळ कशामुळे लागते, हेही समजून घेऊ. ज्वारी आणि बरूच्या कोवळ्या पानांत एक पदार्थ असतो. जनावराने पान चावलं की त्यातून सायनाइडचं विष सुटतं. पावसाचा ताण पडून खुरटलेल्या किंवा कापल्यानंतर नुकत्याच फुटलेल्या धाटात तो सगळ्यात जास्त असतो. सायनाइड झालं की रक्तातला प्राणवायू शरीराला वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. अशी शंका आली तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही, तडक पशुवैद्यक बोलवायचे, कारण यावर इंजेक्शन आहे आणि ते वेळेतच द्यावं लागतं. चांगला वाळलेला कडबा खाऊन असं सहसा होत नाही, कारण वाळताना विष बरंचसं उडून जातं.

हत्ती गवत म्हणजे नेपियर, आणि त्याचा बाजरीशी संकर केलेलं हायब्रीड नेपियर. तुरा आला तर यांना गिन्नी समजण्याची चूक होऊच शकत नाही. यांचं कणीस बाजरीसारखं लांब, भरीव, राठ केसांचं असतं. दांडीही उसासारखी जाड. हायब्रीडला उगवणारं बी धरत नाही, म्हणून ते कांड्या लावूनच वाढवतात.

पॅरा गवत पाण्यातलं. दांड्या चिखलावर आडव्या पसरतात आणि पेरापेराला मुळं सोडतात. जिथे पाणी साचून राहतं, गावाचं सांडपाणी जातं, तिथे ते हिरवंगार दिसेल. तेही आफ्रिकेकडूनच आलेलं.

आणि आपलं मारवेल. ते गिन्नीपेक्षा बुटकं, दांडी बारीक, पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं. तुऱ्याची बोटं एकाच ठिकाणाहून फुटलेली, जांभळट, कुसळांची. जुन्या माणसांना ते दाखवावं लागत नाही.

ते उगवलंय कुठे, ही अर्धी ओळख

मला या सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग. गवत स्वतःची जागा सांगतं.

गिन्नीला तीन गोष्टी लागतात: निचऱ्याची जमीन, बऱ्यापैकी ओल, आणि कुणीतरी हलवलेली माती. सावलीही त्याला चालते. बहुतेक उंच गवतं सावलीत मरगळतात, गिन्नी आंब्याखाली, चिंचेखाली खुशाल वाढतं. म्हणून ते सापडतं उसाच्या फडाच्या बांधावर, विहिरीच्या दांडाकडेला, आमराईत, ओढ्याच्या वरच्या काठावर, जायकवाडीच्या डाव्या कालव्यासारख्या कालव्यांच्या भरावावर, रस्त्याच्या चारीजवळ. पाणी साचलं तर ते सडतं, आणि तिथून पुढे पॅराची हद्द सुरू होते. एकाच ओढ्यावर वरच्या उतारावर गिन्नी आणि खाली चिखलात पॅरा, अशी दोघांची हद्द मी अनेकदा हातभर अंतरात पाहिली आहे.

पाण्याचा हिशेब बघा. गिन्नी पावसावरच नीट पोसायचं तर वर्षाला साधारण ९०० मिलिमीटरच्या वर पाऊस हवा. मराठवाड्यात सरासरी ७०० ते ८०० पडतो, आष्टी-पाटोदा, भूम-परंड्याच्या पट्ट्यात त्याहून कमी, आणि पडतो तोही चार-सहा मोठ्या सरींत. त्यामुळे उघड्या मुरमाड माळावर गिन्नी आपोआप सहसा पसरत नाही. माळावर ते दिसलंच तर खालची जमीन बघा: तिथे पाझर असेल, नाला असेल, शेततळ्याचा भराव असेल किंवा कुणी ठोंब लावले असतील.

माळाची मूळची गवतं वेगळी आहेत. पवना, डोंगरी, मारवेल, कुसळी. ती गुडघ्या-मांडीइतकी वाढतात, त्यांच्या झुपक्यांमध्ये उघडी जागा असते आणि चार महिन्यांच्या पावसावर ती आठ महिने तगतात. पाटोद्याजवळ एका धनगरमामांना मी गिन्नीची काडी दाखवली. त्यांनी ती मोडली, वास घेतला आणि परत दिली. "हे पाण्याचं गवत हाय. मेंढराला याचं कोवळं पान चालतंय, पर धांडं तसंच ऱ्हातंय. आमच्या मेंढराला बारीक गवत लागतंय." मेंढी जमिनीलगत बारीक वेचून खाते, म्हैस मोठा घास ओढून खाते. मामांनी काडीवरून दोघींच्या खाण्यातला फरक सांगितला.

"गुरं आवडीनं खातात, मग माळावर का लावू नये?"

हा प्रश्न रास्त आहे. २०१३ आणि २०१९ चे दुष्काळ, त्या वेळच्या चारा छावण्या, टँकरच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हिरव्या चाऱ्याची एकेक पेंढी मोलाची वाटणारच. विहिरीला पाणी असेल तर दोन-चार गुंठे गिन्नी जरूर लावावं. लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत पहिली कापणी मिळते, पुढे ओलिताखाली दर दीड महिन्याला. देवणी असो, लाल कंधारी असो किंवा घरची म्हैस, सगळी ते खातात. तुरा बाहेर पडायच्या सुमारास कापावं, उशीर केला की दांडी राठ होते आणि त्यातली प्रथिनं उतरतात.

माळावर मात्र हिशेब उलटा होतो. पाणी देत राहाल तोवर गिन्नी राहील. पाणी थांबलं की ते वाळेल, आणि ठोंब लावायला नांगरून काढलेली पवना-मारवेलची जुनी मुळं परत येणार नाहीत, तिथे तरवड आणि गाजर गवत येईल. जिथे पाझर आहे तिथे उलट गिन्नी दाट होईल आणि खालची छोटी गवतं सावलीत मरतील. चंडोल, टिटवी, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांना झुपक्यांमधली मोकळी जागा लागते. काळवीट दूरवर नजर पोचते तिथेच निर्धास्त चरतं. पुरुषभर गवताच्या भिंतीत यातलं कुणी राहत नाही.

आणि आग. गिन्नीची वाळलेली धाटं जागेवर उभी राहिली की भरपूर जळण साचतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांतल्या माउईवर लाहायना हे गाव जळालं, सुमारे शंभर माणसं गेली. तिथे उसाची शेती बंद पडल्यावर मोकळ्या राहिलेल्या जमिनीवर गिन्नी आणि इतर आफ्रिकी गवतं माजली होती, आणि वादळी वाऱ्यात तीच गवतं पेटत गेली. आपल्याकडे गुरं चरतात, लोक कापून नेतात, त्यामुळे तेवढा साठा होत नाही. पण कापायला कुणी उरलेलं नाही असा एखादा काठ, बंद पडलेली आमराई तुमच्या गावातही असेल. मार्चच्या आधी तिथलं गवत कापून घ्या.

"मोबाईलचं ॲप सांगतंच की"

ॲप फोटोवरून सांगतं, आणि नुसत्या पानांच्या फोटोवर ते माझ्यासारखंच फसतं. तुरा नसलेल्या गवताचं नाव त्याने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी चारा टाकण्याइतका विश्वास ठेवू नका. फोटो काढायचेच तर असे काढा: उभा पूर्ण झुपका, माती बाजूला केलेला बुडखा, पेर जवळून, तुऱ्याची खालची गाठ, आणि तळहातावर नाण्याशेजारी चार दाणे. जागा लिहा, जमीन काळी की मुरमाड, सावली की ऊन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात असे फोटो आणि एक वाळवलेली काडी नेली तर नाव कळायला मदत होते.

"गिन्नीत काही विष नाही ना?"

बरूसारखी किराळ गिन्नीची लागत नाही. पण नेपियर आणि गिन्नी या दोघांत ऑक्झलेट नावाचा घटक असतो. तो चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतो आणि शरीराला मिळू देत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू बराचसा ऑक्झलेट मोडतात, म्हणून गाई-म्हशींना सहसा त्रास होत नाही. घोड्याला ती सोय नाही. नुसत्या अशा गवतावर ठेवलेल्या घोड्याची हाडं ठिसूळ होतात. दुभत्या जनावरालाही नुसतं गिन्नीच टाकत राहू नये, सोबत लसूण घास, चवळी, दशरथ घास असं काही शेंगवर्गीय द्यावं. युरिया टाकलेल्या गिन्नीला पावसाचा ताण बसला असेल, तर त्यात नायट्रेट साचतं. असा चारा एकदम पोटभर घालू नये.

"नको तिथे आलं तर उपटायचं कसं?"

याला वेळेचं भान लागतं, कारण गिन्नीचं बी विचित्र आहे. फुलात परागसिंचन झालं तरी बहुतेक बीज आईचीच हुबेहूब नक्कल असतं, म्हणजे बी असूनही वागायला बेण्यासारखं. दाणे एकदम पिकत नाहीत, तुऱ्याच्या शेंड्याकडून खाली पिकत जातात आणि पिकला तो दाणा लगेच गळतो. आज तुऱ्यावर चार दाणे दिसले तर चाळीस आधीच मातीत गेलेले असतात. म्हणून दाणा भरण्याआधी, पाऊस चालू असताना, माती मऊ असताना कुदळीने बुडख्यासकट काढायचं. नुसतं विळ्याने कापलं तर ते खोडव्यासारखं आणखी जोमाने फुटतं. जाळून तर मुळीच जात नाही, पहिल्या पावसाला बुडख्यातून पुन्हा वर येतं. काढलेला बुडखा उलटा करून उन्हात ठेवायचा आणि पुढची एक-दोन वर्षं त्या जागेवर नजर ठेवायची.

चुलतभावाने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितल्याप्रमाणे फोटो पाठवले. आंब्याखालच्या झुपक्याची खालची गाठ छत्रीसारखी, दाणे बारीक, बिनकुसळाचे. वहिनींनी दाणा सोलून मुलाच्या शाळेच्या भिंगातून बघितला आणि फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, रेघा दिसायल्यात." ते गिन्नी होतं. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला, काळ्या रानाच्या कडेला मात्र दाणे तांबूस, केसाळ, जोडीचे, आणि खाली मनगटाएवढ्या खोलीवर धावणारी कांडी. ते बरू. फोटोत दोन्ही एकच वाटत होती, मध्ये फक्त बैलगाडीची वाट. आता आंब्याखालचं गवत कालवडीला जातं, आणि बरूच्या पट्ट्याभोवती भावाने बोराट्या टाकल्या आहेत. कांड्या उन्हाळ्यात खोल नांगरून वर काढायच्या, असं ठरलंय.